आतड्याच्या कर्करोगाचा वारसा आणि आप्तांची चौकशी

ज्या घरात एखाद्या इसमाला पन्नाशी गाठण्यापूर्वीच मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला, अथवा ज्या घराण्यात वडील, आत्या आणि चुलतभाऊ अशी तीन-चार माणसे निरनिराळ्या काळी, पण याच रोगाने किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली, त्या घरातील धडधाकट माणसांच्या मनात आपल्या स्वतःविषयीचा आणि मुलाबाळांविषयीचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. आणि तरीही तो प्रश्न डॉक्टरांपुढे नीट मांडला जाण्यापूर्वीच, दुःखाच्या आणि धावपळीच्या दिवसांत, बहुधा विरून जातो. तो पुन्हा हाती घ्यावा आणि त्याचे उत्तर कोणत्या क्रमाने मिळवावे हे सांगावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. प्रारंभी रोगाच्या घडणीविषयी थोडे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ती घडण एकदा ध्यानात आली म्हणजे पुढे सांगितलेल्या तपासण्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात असंख्य सूक्ष्म विवरे असतात. त्यांच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी अखंड विभागत राहतात, त्यांच्यापासून निपजलेल्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत अस्तराच्या पृष्ठभागावरून झडून जातात. शरीरात इतक्या जलद नवे होणारे भाग फार थोडे आहेत, आणि जेथे विभाजन अधिक तेथे चुकीला वावही अधिक. हे विभाजन मर्यादेत ठेवण्याचे काम पाचव्या गुणसूत्रावरील एपीसी नावाचे जनुक करते. पेशीला वाढीचा हुकूम देणारे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन गरज संपताच नष्ट व्हावे, अशी तजवीज या जनुकाच्या प्रथिनामुळे होते. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्या दोन्ही बिघडल्या की पेशी झडण्याऐवजी तेथेच साचू लागतात आणि अस्तरावर एक लहानसा मांसल उंचवटा उभा राहतो, ज्याला आपण पॉलिप म्हणतो. पुढे बाराव्या गुणसूत्रावरील केआरएएस या जनुकात बिघाड झाला म्हणजे वाढीचा संकेत बंद होईनासा होतो, पॉलिप मोठा होतो. अठराव्या गुणसूत्रावरील एसएमएडी४ आणि सतराव्यावरील टीपी५३ ही जनुके निकामी झाली म्हणजे उरलासुरला अटकाव नाहीसा होऊन कर्करोग प्रकट होतो. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८८ साली, आणि एरिक फियरन यांच्यासमवेत १९९० साली, लहान पॉलिप, मोठे पॉलिप आणि प्रत्यक्ष कर्करोग यांतील जनुकांची तुलना करून ही परंपरा मांडली. तिचा तपशील पुढे पुष्कळ वाढला, तरी सांगाडा कायम राहिला. या प्रवासाला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप दिसला आणि तो त्याच वेळी काढून टाकला, तर कर्करोग होण्यापूर्वीच त्याची वाट बंद होते, आणि असे भाग्य फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत लाभते.

जगात २०२० या एका वर्षात सुमारे १९ लाख लोकांना हा रोग नव्याने झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले. यांतील बहुतेकांच्या जनुकांतील बिघाड जन्मजात नव्हता. वय, तंबाखू, मद्य, स्थूलपणा, बैठे जीवन, टिकवलेल्या मांसाचा नित्य आहार अशा कारणांनी आणि पुष्कळदा निव्वळ योगायोगाने तो आतड्यातील एखाद्याच पेशीत घडून आला होता. असा बिघाड मुलांकडे जात नाही. तेव्हा घरात एका वृद्धाला हा रोग झाला म्हणून सगळ्या घराण्याने हबकून जाण्याचे कारण नाही. अशा प्रसंगी सख्ख्या मुलांनी आणि भावंडांनी चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास एकदा दुर्बिणीने तपासून घ्यावे, किंवा आप्ताला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल ते, हा सर्वसाधारण प्रघात पाळला तरी पुरे. थोड्या रुग्णांत मात्र जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, आणि ती देहातील प्रत्येक पेशीत तशीच असते. अल्फ्रेड नड्सन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यातील एका कर्करोगाच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, अशा माणसाच्या पेशीला दोनऐवजी एकच घाव पुरतो. म्हणूनच वारशाचा कर्करोग तरुण वयात येतो आणि एकाहून अधिक ठिकाणी येऊ शकतो.

एपीसीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर किशोरवयापासून आतड्यात शेकडो, क्वचित हजारो पॉलिप उगवतात, आणि आतडे वेळीच काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने अशा कुटुंबांचे दफ्तर १९२४ सालापासून ठेवले आहे, म्हणजे हे जनुक १९९१ साली हाती लागण्याच्या जवळजवळ सात दशके आधीपासून. अशा घरातील मुलांची रक्ततपासणी दहा-बारा वर्षांच्या वयात करावी आणि बिघाड आढळल्यास आतड्याची तपासणी तेव्हापासूनच सुरू करावी, असा शिरस्ता आहे. यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत बिघाड नव्यानेच उद्भवलेला असतो, आईवडिलांपैकी कोणालाच रोग नसतो. म्हणून आतड्यात शेकडो पॉलिप सापडले असता 'आमच्या घरात कोणालाच नव्हते' या उत्तरावर कोणी थांबू नये.

याहून पुष्कळ अधिक आढळणारा, आणि तरीही पुष्कळ अधिक दृष्टिआड राहणारा प्रकार म्हणजे लिंच लक्षणसमूह होय. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे तिघांना तो असतो. पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या आनुवंशिक मजकुराची नक्कल केली जाते, आणि सरकारी दफ्तरात एका कारकुनाने केलेली नक्कल दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून रुजुवात घ्यावी, त्याप्रमाणे पेशीतही एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार जनुकांची प्रथिने नव्या नकलेची रुजुवात घेतात आणि सापडलेली चूक कापून दुरुस्त करून घेतात. यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असेल आणि आतड्यातील एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या प्रत्येक नकलेत चुका साचत जातात. जेथे एकच अक्षर ओळीने अनेकदा येते, तेथे नक्कल घसरण्याचा संभव सर्वांत अधिक. टीजीएफबीआर२ नावाचे एक जनुक पेशीची वाढ आवरते, त्यात 'ए' हे अक्षर सलग दहा वेळा येते. त्यातील एक गळले किंवा एक वाढले की पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो आणि वाढीवरचा तो आवर सुटतो. इतर कर्करोगाला जी वाट चालण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, ती अशी पेशी दोन-तीन वर्षांत चालून जाते. ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण तपासण्यांच्या मुदती हिच्यावरच बसवलेल्या आहेत.

या प्रकाराचा शोध प्रयोगशाळेच्या फार आधी कौटुंबिक चौकशीतून लागला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ साली त्यांच्याकडे कपडे शिवणाऱ्या एका तरुण स्त्रीने सांगितले की, आपल्या घरात जवळजवळ सर्वजण आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने मेले, आणि आपणही तशाच मरणार. तिला तेव्हा कोणताही रोग नव्हता. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे सोडून दिले नाही. घराण्यातील प्रत्येक शाखेची नोंद केली आणि १९१३ साली ती छापली. पुढे ती स्त्री गर्भाशयाच्या कर्करोगानेच वारली. नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशीच दोन कुटुंबे प्रसिद्ध केली, आणि नंतर वॉर्थिन यांच्या त्या घराण्याचीही चौकशी पुढे चालवली. कर्करोगाचा असा वारसा असू शकतो यावर पुष्कळ जाणत्यांचाही त्या काळी विश्वास नव्हता. एमएसएच२ हे जनुक १९९३ साली आणि एमएलएच१ हे १९९४ साली सापडले, आणि २००० साली त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या घराण्यातील बिघाड एमएसएच२मध्येच आहे हे निश्चित झाले. तिने केलेले निदान शंभर वर्षांनी रुजू झाले, असे म्हणावयास हरकत नाही. आणि माझ्या मते या विषयातील पहिला धडा हाच आहे की, घरातील माणसे जे जाणतात ते आधी नीट लिहून काढावे.

आता हे लिहावे कसे? आपल्याकडे वंशावळीची आवड पुष्कळ आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून दहा-दहा पिढ्यांची नावे सापडतात. पण ती वंशावळ पुरुषांची असते. त्यात लग्न होऊन गेलेली मुलगी घराण्यातून वजा होते आणि घरात आलेल्या सुनेच्या माहेरचा मजकूर मुळीच येत नाही. जनुकांचा वारसा असा भेद पाळत नाही. बिघडलेली प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो, मग ते अपत्य मुलगा असो की मुलगी, आणि ती आईकडून आली काय किंवा वडिलांकडून आली काय, परिणाम तोच. म्हणून आपले आडनाव लावणाऱ्यांपुरती चौकशी न करता आजी, आत्या, मावशी, मामा, त्यांची मुले आणि चुलत, मावस, मामे, आते भावंडे या सर्वांना कागदावर घ्यावे. पूर्वी डॉक्टर एक ठोकताळा लावीत, तो अजून उपयोगी आहे: तीन आप्तांना रोग, त्यांतील एक उरलेल्या दोघांचा सख्खा आप्त, रोग दोन पिढ्यांत, आणि निदान एकाला पन्नाशीपूर्वी. परंतु लहान कुटुंबांत तीन रुग्ण होण्याइतकी माणसेच नसतात. त्यामुळे हा ठोकताळा लागू पडला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

प्रत्येक आप्ताविषयी चार गोष्टी विचाराव्यात: कर्करोग कोणत्या अवयवाचा, तो कोणत्या वयात उघडकीस आला, शस्त्रक्रिया कोठे झाली, आणि कागदपत्रे कोणाकडे आहेत. येथे अडचण येते ती माहितीच्या धूसरपणाची. 'पोटाच्या विकाराने गेले', 'मूळव्याधीने रक्त जाऊन गेले', 'पिशवीचा आजार होता' अशा उत्तरांमागे पुष्कळदा हाच रोग दडलेला असतो. विशेषतः पिशवीचा आजार म्हणजे गर्भाशयाचा कर्करोग, आणि लिंच लक्षणसमूहातील स्त्रियांना तो आतड्याच्या कर्करोगाइतकाच संभवतो. अंडाशय, जठर, लहान आतडे आणि मूत्रमार्ग यांचे कर्करोगही याच सदरात मोडतात, म्हणून तेही टिपावेत. मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद असते, तिचा उपयोग नाही. रुग्णालयाचे सुटीचे कार्ड आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल हे खरे दस्तऐवज. घरातील सर्वांत वडील आत्या किंवा मावशी हयात असतील तर त्यांच्याजवळ तासभर बसावे. वर्षाची आठवण नसली तरी 'धाकट्याच्या मुंजीच्या आदल्या साली' असे त्या सांगतात, आणि तेवढ्यावरून वय काढता येते.

या चौकशीत मोठा अडथळा लग्नांचा. घरात कर्करोगाचा वारसा आहे असे कळले तर मुलीची सोयरीक जुळणार नाही, या धास्तीने माणसे सख्ख्या भावंडांपासूनही रोग लपवतात. ही धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, समाज तसा वागतो. पण या लपवण्यामुळे ज्या मुलीच्या लग्नाची काळजी केली, तिलाच पस्तिसाव्या वर्षी रोग झाला आणि वेळीच तपासले असते तर तो टळला असता हे नंतर कळले, अशी घरे असतात, आणि त्या दुःखापुढे मोडलेल्या सोयरिकीचे दुःख काहीच नाही.

वंशावळ तयार झाली की लगेच स्वतःचे रक्त तपासायला धावू नये. पहिली तपासणी रुग्णाच्या गाठीची, आणि ती बहुधा रुग्णालयातच होऊ शकते. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात. रुग्णालयात त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. रुग्ण हयात नसला तरी ब्लॉक असू शकतो, मात्र प्रयोगशाळा ते ठरावीक मुदतीपर्यंतच सांभाळते. म्हणून अर्ज करून ब्लॉक आणि त्यासोबतच्या काचपट्ट्या मागून घ्याव्यात, त्यांवरील क्रमांक अहवालाशी ताडून पाहावा, आणि ते उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत राहू देऊ नयेत. त्या ब्लॉकमधून पापुद्र्यासारखे पातळ काप काढून त्यांवर वर सांगितलेल्या चार प्रथिनांची चाचणी करतात, तिला डॉक्टर आयएचसी म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिन जेथे शाबूत आहे तेथे पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात, जेथे नाही तेथे निळी. कर्करोगाच्या सर्व पेशींची केंद्रके निळी आणि त्यांच्या भोवतालच्या निरोगी पेशींची, रक्तातील पांढऱ्या पेशींची तपकिरी, असे एकाच काचेवर दिसले, तर रंग नीट चढला आहे आणि प्रथिन खरोखरच नाही, याची खात्री पटते. एमएलएच१ गेले की त्याच्या आधाराने टिकणारे पीएमएस२ही नाहीसे होते. एमएसएच२ गेले की एमएसएच६ जाते. अहवालात हे जोड पाहावेत.

एमएलएच१ नाहीसे झाले म्हणजे वारसा सिद्ध झाला, असे मात्र नव्हे. वाढत्या वयात, विशेषतः उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठींत, हे जनुक मुळात निर्दोष असूनही त्यावर रासायनिक शिक्का बसून ते मुके होते. अशा गाठींत पुष्कळदा बीआरएएफ जनुकाचा एक ठराविक बिघाड आढळतो. म्हणून एमएलएच१ गेलेले असेल तर बीआरएएफची किंवा त्या रासायनिक शिक्क्याची तपासणी पुढे करावी. ती होकारार्थी आली तर वारशाची शंका बहुतांशी दूर होते. उलटपक्षी एमएसएच२, एमएसएच६ किंवा एकटे पीएमएस२ गेलेले असेल तर आनुवंशिक सल्ला घेणे टाळू नये. आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीवर ही चार प्रथिनांची चाचणी व्हावी, असे आता जगभर मानले जाते. आपल्या रुग्णाची झाली आहे का, हे विचारण्यात नातेवाइकांनी संकोच करू नये.

त्यानंतर रक्ताची पाळी. ती आधी रोग झालेल्या माणसाची करावी, कारण बिघाड कोणत्या जनुकात आणि नेमका कोठे हे त्याच्यातच सापडण्याची खात्री अधिक. तो सापडला की बाकीच्या आप्तांत फक्त तेवढ्याच एका बिघाडाचा शोध घ्यावा लागतो; खर्च कमी आणि उत्तर स्पष्ट. ज्याला तो बिघाड मिळालेला नाही, त्याचा धोका सामान्य माणसाइतकाच, आणि त्याच्या मुलाबाळांनाही भीती नाही. पण घरातील बिघाडच ठाऊक नसताना निरोगी माणसाची तपासणी नकारार्थी आली, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. अहवालात बिघाड 'रोगकारक', 'बहुधा रोगकारक' किंवा 'अर्थ अनिश्चित' असा वर्गीकृत असतो. तिसऱ्या वर्गाचा अहवाल आला तर त्यावरून शस्त्रक्रिया करू नये आणि आप्तांना तपासणीला पाठवू नये. जनुकांची आजवरची तुलनासामग्री मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीय माणसांत असे अनिश्चित निष्कर्ष अधिक निघतात, आणि काही वर्षांनी त्यांचे वर्गीकरण बदलू शकते. लिंच लक्षणसमूहासाठी अठरा वर्षांखालील मुलांची तपासणी सहसा करीत नाहीत. मुंबईच्या परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे. इतरत्रही हा सल्ला मिळतो. सल्लागाराकडे जाताना तयार वंशावळ, ब्लॉकचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत.

बिघाड सापडला तर काय? एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर वीस-पंचवीस वर्षांच्या वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी. एमएसएच६ आणि पीएमएस२ यांत धोका थोडा कमी असल्याने तिशी-पस्तिशीपासून. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले असता, दर तीन वर्षांनी तपासून घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, आणि त्यांच्यापैकी एकही या रोगाने दगावला नाही. स्त्रियांनी पाळीच्या बाहेरचा किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव कधीही अंगावर काढू नये. मुलेबाळे झाल्यावर गर्भाशय आणि अंडाशय काढावेत की नाही, हा विचार डॉक्टरांशी बोलून चाळिशीच्या सुमारास करावा. न्यूकॅसलचे जॉन बर्न यांनी ८६१ माणसांवर केलेल्या चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी दहा वर्षांत शंभरात सुमारे ९ जणांना, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे १३ जणांना आतड्याचा कर्करोग झाला. हा फरक मोलाचा आहे, पण ॲस्पिरिनने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सुरू करू नये.

कोलोनोस्कोपीची तयारी नीट झाली नाही तर लहान पॉलिप निसटतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. आधीचे दोन-तीन दिवस बिया, साली आणि तंतू असलेले पदार्थ, म्हणजे तीळ, पेरू, भेंडी, टोमॅटो, पालेभाज्या, वर्ज्य करावेत. आदल्या दिवशी पेज गाळून, नारळपाणी, वरणाचे गाळलेले पाणी एवढ्यावर राहावे. कोकमाचे सरबत आणि बिटाचा रस घेऊ नये, कारण त्यांचा तांबडा रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्यात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी आधीच विचारून घ्यावे. पोट साफ होण्याच्या औषधाचे द्रावण निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे घेतल्यास आतडे अधिक स्वच्छ होते.

ज्यांना रोग झालाच आहे त्यांच्या उपचारातही ही माहिती लागते. गाठीत केआरएएस किंवा एनआरएएस यांपैकी एखादे जनुक बिघडलेले असेल तर सिटुक्सिमॅब हे औषध उपयोगी पडत नाही; केआरएएसबाबत हे २००८च्या सुमारास सिद्ध झाले. म्हणून दूरवर पसरलेल्या रोगात ते देण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे. रुजुवातीची जनुके निकामी असलेल्या गाठीत चुकीची प्रथिने इतकी बनतात की शरीराच्या संरक्षक पेशी तिला परकी ओळखतात. त्यांच्यावरचा दाब काढणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अशा रुग्णांना चांगले लागू पडते. न्यूयॉर्क येथे २०२२ साली अशाच प्रकारच्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांत केवळ डोस्टारलिमॅब या औषधाने गाठ नाहीशी झाली, कोणालाही शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागले नाहीत. अशी औषधे फार महाग आहेत, आणि ती सर्वांना लागू पडत नाहीत. नेमकी कोणाला लागू पडतील हे त्या ब्लॉकवरूनच ठरते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगणे भाग आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. एखाद्या तरुणाला लिंचचा बिघाड आईकडून आला असेल, आणि तो तिला तिच्या आईवडिलांकडून मिळालेला असेल, तर मामाकडे तो असण्याचा संभव निम्मा आणि मामेबहिणीकडे असण्याचा संभव चौथा हिस्सा. दोघांकडेही तो असेल तर प्रत्येक अपत्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याचा संभव चारांत एक. असे मूल जन्मले तर त्याच्या त्वचेवर बहुधा कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात, आणि मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग त्याला बालपणीच गाठतो. एमयूटीवायएच या दुसऱ्या एका जनुकाचा रोग तर दोन्ही प्रती बिघडल्याखेरीज होतच नाही; त्यात आईवडील निरोगी, आणि पॉलिप मात्र सख्ख्या भावंडांत. म्हणून अशा घरात नात्यात लग्न ठरवण्यापूर्वी दोघांची तपासणी करून घ्यावी. पत्रिका जुळवण्याइतका वेळ जेथे दिला जातो, तेथे एवढ्यासाठी वेळ काढणे कोणाला जड जाऊ नये.

बिघाड निश्चित झाल्यावर आप्तांना कळवण्याचे काम रुग्णाचे किंवा त्याच्या मुलांचे, कारण डॉक्टर परस्पर कोणाला कळवत नाहीत. हे तोंडी सांगण्यावर सोडू नये. सांगणारा रडतो, ऐकणारा घाबरतो, आणि जनुकाचे नाव दोघांच्याही लक्षात राहत नाही. एक लहानसे पत्र लिहावे. त्यात जनुकाचे नाव, बिघाडाचे अहवालात छापलेले चिन्ह अक्षर न बदलता, प्रयोगशाळेचे नाव, अहवालाचा क्रमांक आणि तारीख, आणि कोणत्या सल्लागाराकडे जावे एवढे असावे. भीती घालणारा मजकूर नसावा. तपासणी करणे न करणे आप्तावर सोपवावे. पुतणे-भाचे परदेशी असतील तर पत्रासोबत मूळ इंग्रजी अहवालाची पूर्ण प्रत पाठवावी, कारण तेथील प्रयोगशाळा केवळ पत्रावर विसंबून तपासणी घेत नाही. आणि मुले लहान असतील तर ती अठरा वर्षांची झाल्यावर उघडावे अशी नोंद करून पत्राची एक प्रत घरातील महत्त्वाच्या कागदांत, मिळकतीच्या दस्तऐवजांशेजारी ठेवावी.